‘शंभर टक्के सुरक्षित’ असे मी म्हणाले होते

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या भगिनी पश्चिम महाराष्ट्रातील एका डोंगराळ गावात चौदा वर्षांपासून आशा स्वयंसेविका आहेत. 2021 साली गावातील लोक करोनाची लस घ्यायला घाबरत होते, तेव्हा त्या घरोघर फिरल्या आणि ‘काही होत नाही, शंभर टक्के सुरक्षित आहे’ असे सांगून त्यांनी लोकांना लसीकरणाच्या कॅम्पपर्यंत आणले. त्यांचे चुलत दीर तयार नव्हते. वहिनीच्या शब्दाखातर त्यांनी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरमध्ये कोविशील्डचे दोन डोस घेतले. मार्च 2023 मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, उसाच्या फडात काम करताना ते कोसळले आणि दवाखान्यात पोहोचण्यापूर्वीच गेले. पुढे 2024 मध्ये ‘लस बनवणाऱ्या कंपनीने कोर्टात कबुली दिली’ ही बातमी टीव्हीवर आली आणि त्या दिवसापासून दिरांच्या पत्नीने, म्हणजे थोरल्या चुलत जावेने, यांच्याशी बोलणे टाकले. त्याच घरात धाकट्या जावेची अकरा महिन्यांची मुलगी आहे. माहेरी असताना तिचे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस झाले, पण नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस द्यायला घर तयार नाही. ‘आमच्या घरात पुन्हा सुई येणार नाही,’ असे थोरलीने सांगितले आहे. या भगिनी विचारतात: तातडीने मंजूर झालेली लस म्हणजे अर्धवट लसच ना? मी माझ्याच माणसांना प्रयोगातले उंदीर केले का? उद्या दुसरी साथ आली तर कोणत्या तोंडाने दारोदार जाऊ? की हे कामच सोडून द्यावे?

ताई,

तुमच्या दिरांपासून सुरुवात करते, कारण तुमचे बाकीचे सगळे प्रश्न त्या एका मृत्यूपाशी येऊन थांबतात, आणि तो मृत्यू बाजूला ठेवून लसींबद्दल कितीही बोलले तरी ते तुमच्या मनापर्यंत पोहोचणार नाही.

टीव्हीवरच्या त्या बातमीत ज्या विकाराचा उल्लेख होता त्याला टीटीएस म्हणतात. त्यात शरीरात रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्याच वेळी रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. हा विकार खरा आहे, तो कोविशील्डच्या प्रकारच्या लसीमुळे फार क्वचित होऊ शकतो, आणि त्यात माणसे दगावलेली आहेत. याबद्दल आता वाद नाही. परंतु तो साधारणपणे लस घेतल्यानंतर चौथ्या दिवसापासून सहा आठवड्यांच्या आत दिसतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या डोसनंतर. तुमच्या दिरांचा दुसरा डोस डिसेंबर 2021 चा आणि मृत्यू मार्च 2023 चा, म्हणजे मध्ये पंधरा महिने गेले होते. एका विशिष्ट माणसाचा मृत्यू कशाने झाला हे शवविच्छेदनाशिवाय कोणीही छातीठोकपणे सांगू नये, मीही सांगणार नाही. मात्र बातमीतला विकार आणि तुमच्या घरातले दुःख यांची सांगड लागत नाही, एवढे मी जबाबदारीने म्हणू शकते.

तुमच्यासारखीच शंका देशभरातील हजारो घरांत होती, म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, 18 ते 45 वयोगटातील वरवर निरोगी दिसणाऱ्या माणसांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. त्यात ऑक्टोबर 2021 ते मार्च 2023 या काळातील मृत्यू होते आणि देशातील 47 मोठी रुग्णालये सहभागी होती. अचानक गेलेल्या 729 जणांची तुलना त्याच वयाच्या, त्याच परिसरातील 2,916 जिवंत माणसांशी केली गेली. 2023 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लसीमुळे अशा मृत्यूचा धोका वाढल्याचे आढळले नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांमध्ये तो कमी दिसला. धोका वाढवणाऱ्या ज्या गोष्टी पुढे आल्या त्या वेगळ्याच होत्या: करोनामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागलेले असणे, घराण्यात कोणाचा तरी असाच अचानक मृत्यू झालेला असणे, मृत्यूच्या आदल्या दोन दिवसांत भरमसाट मद्यपान किंवा अतिश्रमाचा व्यायाम.

इथे एक विनंती. ही यादी घेऊन जावेच्या दारात जाऊ नका. ‘भाऊजी पीत होते का’, ‘त्यांच्या घरात आधी कोणी असे गेले होते का’ हे प्रश्न वैद्यकीयदृष्ट्या कितीही योग्य असले तरी ज्या बाईचा नवरा फडात पडून गेला तिच्या कानांना ते ‘दोष तुमच्याच माणसाचा’ असे ऐकू येतील. ही माहिती मी तुमच्यासाठी दिली आहे, तुमची झोप उडाली आहे म्हणून.

आता त्या ‘कबुली’कडे येऊ, कारण गावोगाव त्या शब्दाने जेवढे नुकसान केले तेवढे क्वचितच एखाद्या आजाराने केले असेल. कबुली म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लपवलेली गोष्ट येते. प्रत्यक्षात, युरोपच्या औषध नियामकाने गुठळ्यांच्या या दुर्मीळ विकाराचा लसीशी संबंध असल्याचे 7 एप्रिल 2021 रोजीच जाहीर केले होते. आपल्याकडे, लसीनंतरच्या प्रतिकूल घटना तपासणाऱ्या राष्ट्रीय समितीच्या हवाल्याने, आरोग्य मंत्रालयाने मे 2021 मध्ये निवेदन काढले: गंभीर म्हणून आलेल्या 498 प्रकरणांचा सखोल आढावा घेतला असता कोविशील्डनंतर गुठळ्यांची शक्यता असलेली 26 प्रकरणे दिसली, म्हणजे दहा लाख डोसमागे 0.61. त्याच निवेदनात ब्रिटनमध्ये हे प्रमाण दहा लाखांमागे 4 आणि जर्मनीत 10 असल्याचेही नोंदवले होते. आपला आकडा एवढा कमी असण्यामागे आपल्याकडची अपुरी नोंद हेही एक कारण असावे असे मला वाटते, आणि तालुक्याच्या ठिकाणी काम केलेल्या कोणालाही ते पटेल. पण लपवले होते असे मात्र म्हणता येणार नाही. 2024 मध्ये लंडनच्या न्यायालयात अ‍ॅस्ट्राझेनेकाने, म्हणजे कोविशील्डच्या मूळ लसीच्या कंपनीने, जे लेखी दिले ते तीन वर्षांपूर्वीच सरकारी कागदांवर आलेले होते.

मग गावाला ते तीन वर्षांनी, टीव्हीवरून, लाल अक्षरांत का कळावे? तुमच्या मासिक बैठकीत 2021 च्या जूनमध्ये कोणी ते निवेदन वाचून दाखवले होते का? तुमच्या पत्रावरून तरी तसे दिसत नाही. विश्वास तडकण्याची सुरुवात मला इथे दिसते. जे माहीत होते ते तुमच्या हातात दिले गेले नाही, आणि रिकाम्या हातांनी तुम्हाला दारोदार पाठवले गेले.

‘तातडीने मंजूर म्हणजे अर्धवट’ हे तुमचे वाक्य मला पूर्ण खोडता येत नाही आणि पूर्ण मान्यही करता येत नाही. नव्या लसीच्या चाचण्या तीन टप्प्यांत होतात: आधी थोड्या लोकांवर सुरक्षितता, मग काही शेकड्यांवर मात्रा आणि प्रतिकारशक्ती, आणि शेवटी हजारो लोकांवर प्रत्यक्ष आजार टळतो की नाही हे पाहणे. एरवी हे टप्पे एकामागोमाग होतात, मध्ये पैसा उभा करण्यात आणि कागदांची वाट पाहण्यात वर्षे जातात, आणि मंजुरी मिळाल्यावर मगच कारखाना उत्पादन सुरू करतो. करोनाकाळात टप्पे एकमेकांवर चढवले गेले, माहिती येईल तशी नियामकाने तपासली, आणि मंजुरीची वाट न पाहता कारखान्यांनी लस बनवून ठेवली; पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती जोखीम घेतली होती. वाचलेला वेळ बराचसा असा वाचला. जे खरोखर कमी पडले ते एकच, आणि ते महत्त्वाचे आहे: लस घेतलेल्या माणसांकडे पुढची दोन-तीन वर्षे लक्ष ठेवून मग निर्णय घेण्याची सवड. म्हणूनच अशा मंजुरीला अटी असतात, ती मर्यादित असते, आणि चाचण्या चालूच ठेवाव्या लागतात. कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या आपल्याकडच्या दोन्ही लसींना अटींसह नियमित मंजुरी मिळाली ती 27 जानेवारी 2022 रोजी, तीही चालू चाचण्यांची आणि दुष्परिणामांची माहिती दर सहा महिन्यांनी सादर करण्याच्या बंधनावर.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. लाखात एखाद्याला होणारा दुष्परिणाम सावकाश, रीतसर मंजुरीतही बहुधा सापडला नसता. पंचवीस हजारांच्या चाचणीत निम्म्या लोकांना खरी लस मिळते. त्या बारा-तेरा हजारांत लाखात एक असा प्रकार एकदाही न दिसण्याचीच शक्यता मोठी. अमेरिकेत 1998 साली रोटाव्हायरसच्या एका लसीला सर्व चाचण्या पार पाडून, कोणतीही घाई नसताना, पूर्ण मंजुरी मिळाली होती. आतड्यात आतडे अडकण्याचा विकार साधारण दहा हजारांत एका बाळाला होतो असे वापरात आल्यावर दिसले, आणि 1999 मध्ये ती लस मागे घेतली गेली. त्यानंतर बनलेल्या नव्या लसींच्या चाचण्या कितीतरी मोठ्या घेतल्या गेल्या, आणि आज तुमच्या उपकेंद्रात बाळाच्या तोंडात जे रोटाचे थेंब पडतात ते त्या धड्यानंतरचे आहेत. कोणत्याही लसीची शेवटची परीक्षा गावातच होते. मंजुरी तातडीची असो वा नेहमीची, खरा प्रश्न हा असतो की त्या परीक्षेवर कोणी लक्ष ठेवून आहे की नाही, आणि जे दिसेल ते लोकांना सांगितले जाते की नाही.

या दुसऱ्या कसोटीवर आपली व्यवस्था कमी पडली असे माझे स्पष्ट मत आहे. 3 जानेवारी 2021 रोजी औषध महानियंत्रकांनी दोन लसींना आपत्कालीन वापराची परवानगी दिली तेव्हा कोविशील्डच्या परदेशातील चाचण्यांचे निष्कर्ष हातात होते, सुमारे 70 टक्के परिणामकारकतेचे. कोव्हॅक्सिनची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी मात्र चालूच होती, तिची परिणामकारकता अजून कोणालाच ठाऊक नव्हती, आणि परवानगीच्या पत्रात ‘चाचणीच्या स्वरूपात’ असे शब्द होते. सुरुवातीला कोव्हॅक्सिन घेणाऱ्याला संमतिपत्रावर सही करावी लागे आणि कोविशील्ड घेणाऱ्याला नाही; एकाच देशात, एकाच आठवड्यात, दोन रांगांत दोन नियम. दिल्लीतील एका सरकारी रुग्णालयाच्या निवासी डॉक्टरांनीच आपल्याला कोविशील्ड द्यावी असे लेखी मागितले होते. ते डॉक्टर अडाणी होते असे कोणी म्हणेल का? पुढे नोव्हेंबर 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोव्हॅक्सिनला मान्यता दिली, तिची 77.8 टक्के परिणामकारकताही प्रसिद्ध झाली, म्हणजे लस चांगलीच निघाली. परंतु निकाल चांगला लागला म्हणून निकालाआधी बक्षीस देणे बरोबर ठरत नाही, आणि ज्यांनी तेव्हा ‘आकडे दाखवा’ म्हटले ते चुकीचे ठरत नाहीत.

त्याच जानेवारीत महानियंत्रकांनी या लसी ‘110 टक्के सुरक्षित’ असल्याचे सांगितले होते. शंभरातले एकशे दहा कसे होतात हे शाळेतले पोरही विचारील. तुमचे ‘शंभर टक्के’ हे शब्द कुठून आले ते तुम्हीच पाहा; ते तुमच्या मनातून उगवलेले नव्हते, वरून पायरी-पायरीने उतरत तुमच्या तोंडी आले होते, आणि वाटेत दहा टक्के कमी झाले होते एवढेच. (माझ्या आईला पहिल्या डोसला नेताना तिने विचारले, तेव्हा ‘काही होत नाही ग’ असेच मीही म्हणाले होते. तिला मी कोणताही आकडा सांगितला नव्हता.)

मग दोन डोसमधले अंतर बदलले. कोविशील्डसाठी ते आधी चार ते सहा आठवडे होते, मग सहा ते आठ झाले, आणि मे 2021 मध्ये बारा ते सोळा. त्यामागे शास्त्रीय आधार होता, पण नेमकी तेव्हाच लसीची टंचाई होती, म्हणून ‘लस नाही म्हणून तारीख पुढे ढकलली’ असा अर्थ पारावर निघाला. त्यानंतर सक्ती आली. 15 ऑगस्ट 2021 पासून मुंबईत सर्वसामान्यांना लोकलचे दार उघडले ते दोन डोस झाले असतील तरच. नोव्हेंबरमध्ये औरंगाबाद जिल्ह्यात लसीच्या प्रमाणपत्राशिवाय रेशन आणि पेट्रोल न देण्याचा आदेश निघाला. लसीकरण वाढले हे खरे. पण रेशनच्या धान्यासाठी टोचून घेतलेल्या माणसाला ती लस आपल्या भल्यासाठी होती हे नंतर पटवणे किती अवघड जाते, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे लसीकरण धोरण अवाजवी नाही असे म्हणतानाच, कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, चाचण्यांची माहिती खुली करावी, आणि दुष्परिणामांची नोंद सामान्य माणसालाही करता यावी, असे निर्देश दिले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, लसीने इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी आपली नाही, पीडितांनी दिवाणी न्यायालयात जावे, असे केंद्राने न्यायालयाला सांगितले. समाजासाठी बाही वर करा असे सांगायचे आणि लाखात एकाचे काही झाले तर त्याला एकट्याने कोर्टाची पायरी दाखवायची, हे मला न्याय्य वाटत नाही. ब्रिटनसारख्या देशांत अशा भरपाईची व्यवस्था आहे.

हे सगळे एवढ्या विस्ताराने सांगितले, कारण तुमच्या पत्रात गावाच्या संशयाला तुम्ही ‘अडाणीपणा’ असा शब्द वापरला आहे आणि स्वतःच्या संशयाला ‘पाप’. मला दोन्ही शब्द पटत नाहीत. गाव जे विचारत आहे ते रास्त आहे, आणि तुम्हाला जे टोचत आहे तेही.

आता ‘प्रयोगातले उंदीर’ या शब्दांबद्दल. मुंबईत 1896 साली प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत काही महिन्यांत प्लेगची लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे 1902 मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावात एकाच बाटलीतील लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. ती बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी हे पुढे आले, आणि त्यांच्यावरचा ठपका जायला 1907 उजाडले. आपल्या परळच्या संस्थेला त्यांचे नाव 1925 मध्ये दिले गेले. लोकांना ज्याचे नाव ठाऊक असते त्याच्याकडे बोट जाते. मुल्कोवालच्या वेळी ते नाव हाफकिन होते, तुमच्या गावात ते तुमचे आहे. महानियंत्रकांचे नाव जावेला माहीत नाही, कंपनीचा मालक तिच्या दारावरून जात नाही. रोज सकाळी पाण्याला जाताना दिसता त्या तुम्ही.

तुम्ही स्वतः लस घेतली होती का, हे पत्रात नाही. पण आरोग्य कर्मचाऱ्यांना 16 जानेवारी 2021 पासूनच ती मिळू लागली होती, म्हणजे गावाच्या आधी बहुधा तुमचाच दंड पुढे झाला असेल. जो माणूस दुसऱ्यांवर प्रयोग करतो तो आधी आपली बाही वर करत नाही. तुमच्या हातून चूक झाली असेल तर ती लस घ्यायला लावण्याची नव्हे. एप्रिल-मे 2021 मध्ये बेड आणि ऑक्सिजनसाठी माणसे कशी फिरत होती ते तुम्ही पाहिले आहे, आणि त्या परिस्थितीत लस घ्या असे सांगणे योग्यच होते. चूक ‘शंभर टक्के’ या दोन शब्दांची होती. ती तुमच्या एकटीची नाही, पण तुमच्या वाट्याची जेवढी आहे तेवढी तुम्ही मान्य करू शकता, आणि मान्य केल्याने तुम्ही लहान होणार नाही.

जावेकडे जाण्याचे म्हणाल तर लसीकरणाच्या दिवशी जाऊ नका, सिस्टरना किंवा गटप्रवर्तक बाईंना बरोबर नेऊ नका, आणि बाळाचे कार्ड पिशवीत ठेवू नका. आशा म्हणून नव्हे, जाऊ म्हणून जा. तिला बोलू द्या. ती ओरडली तरी ऐकून घ्या, मध्येच पंधरा महिन्यांचा हिशेब काढू नका. तिचे बोलून झाले की एवढेच सांगा की, तेव्हा मी शंभर टक्के म्हणाले, तसे कोणत्याच औषधाबद्दल म्हणता येत नाही, मला तेव्हा जेवढे सांगितले गेले तेवढेच मी सांगितले, आणि भाऊजी कशाने गेले हे मला खरोखर ठाऊक नाही. ‘लसीने गेले’ असे तिच्या समाधानासाठी म्हणू नका. ते खोटे असण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि त्या एका वाक्याची किंमत घरातल्या बाळाला मोजावी लागेल. ती स्वतःहून विचारील तेव्हा अंतराची गोष्ट आणि आयसीएमआरचा अभ्यास सांगा, हवे तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी तिची भेट घालून द्या. ती त्या दिवशी विचारणार नाही. कदाचित चौथ्या भेटीत विचारील.

बाळाचा प्रश्न वेगळा काढा, आणि तो थोरलीशी नव्हे, बाळाच्या आईशी आणि धाकट्या दिरांशी बोला. संमती आईबापांची लागते. त्यांना सांगण्यासारखी मुख्य गोष्ट अशी की गोवराची लस तातडीने मंजूर झालेली नाही; ती आपल्या सरकारी कार्यक्रमात 1985 पासून आहे, आणि त्या घरातल्या बहुतेक तरुण माणसांनी लहानपणी ती घेतलेलीच असेल. रुबेलासह ती महाराष्ट्रात 2018 च्या मोहिमेपासून दिली जाते. दुष्परिणामही लपवू नका: ताप येईल, आठवड्याभराने अंगावर थोडे पुरळ दिसेल, आणि फार क्वचित लगेच तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते, म्हणून टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवतात. न घेण्याची जोखीमही तेवढ्याच शांतपणे सांगा. 2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला तेव्हा लहान मुले दगावली, आणि करोनाकाळात चुकलेले डोस हे त्याचे एक मोठे कारण होते. नऊ महिने उलटून गेले म्हणून दार बंद झालेले नाही, हा डोस पाच वर्षांपर्यंत देता येतो. तेव्हा आजच्या आज हो म्हणा असा धोशा लावू नका. मात्र आजूबाजूच्या गावांत गोवराचे रुग्ण आढळू लागले तर थांबू नका, त्या दिवशी स्पष्ट बोला.

दुसरी साथ आली तर काय सांगायचे, असे तुम्ही विचारता. प्रशिक्षणात तुम्हाला पालकांना सांगायचे चार संदेश शिकवले आहेत: कोणती लस दिली आणि ती कोणत्या आजारासाठी, त्यानंतर काय त्रास होऊ शकतो आणि झाल्यास काय करायचे, पुढच्या वेळी कधी यायचे, आणि कार्ड जपून ठेवा. करोनाच्या कॅम्पमधल्या गर्दीत दुसरा संदेश गळाला, आणि नेमका तोच नव्या लसीसाठी सर्वांत महत्त्वाचा होता. पुढच्या वेळी बैठकीत तुम्हीच वरिष्ठांना विचारा: चाचणी किती लोकांवर झाली, किती महिने लक्ष ठेवले, निष्कर्ष छापून आले आहेत का, कोणत्या वयाला फायदा जास्त आणि कोणत्या वयाला कमी, त्रास झाला तर कोणाला फोन करायचा आणि खर्च कोण करणार? वयाचा प्रश्न किरकोळ समजू नका. गुठळ्यांची माहिती आल्यावर ब्रिटनने मे 2021 मध्ये चाळिशीखालच्यांना, शक्य तिथे, अ‍ॅस्ट्राझेनेकाऐवजी वेगळी लस द्यायचे ठरवले, डेन्मार्कने अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस थांबवलीच, आणि आपण दुसऱ्या लाटेत, हाताशी दुसरी पुरेशी लस नसताना, ती चालू ठेवली. तिन्ही निर्णय एकाच माहितीवरून निघाले आणि आपापल्या परिस्थितीत तिघांमागेही विचार होता. लोकांना हे समजते, समजावून सांगितले तर. उत्तर मिळाले नाही तर ‘हे मी विचारले आहे, अजून कळलेले नाही’ असे गावात सांगा. मग जे कळेल ते, विपरीत असले तरी, त्याच दारांवर परत जाऊन सांगा. एक वही ठेवा: कोणी काय विचारले, कोणाला काय त्रास झाला, तो कधी कळवला. गंभीर त्रास चोवीस तासांच्या आत वर कळवायचा असतो. तो लसीमुळे झाला की नाही हे ठरवणे तुमचे काम नाही, पण नोंद झाली नाही तर ते कोणालाच ठरवता येत नाही.

काम सोडण्याबद्दल मी हो किंवा नाही म्हणणार नाही. हा मोबदला किती तुटपुंजा आहे आणि जून 2021 मध्ये, साथ चालू असताना, राज्यातील आशांना संपावर का जावे लागले होते, हे मला ठाऊक आहे. थकव्यामुळे किंवा पैशांमुळे सोडत असाल तर तो तुमचा हक्क आहे. पण जावेच्या नजरेला नजर देता येत नाही म्हणून सोडत असाल तर आधी तिला भेटून या, कारण काम सोडल्यावरही तुम्ही त्याच वाडीत राहणार आहात. आणि झोप न लागणे, तेच तेच विचार येणे हे महिन्यांमागून महिने चालले असेल तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. चौदा वर्षे तुम्ही इतरांना उपकेंद्रापर्यंत नेत आलात, तेव्हा स्वतःसाठी एक फोन करण्यात संकोच नको.

धाकटी जाऊ एखाद्या दिवशी बाळाला कडेवर घेऊन येईल आणि विचारील, ‘वहिनी, शपथ घेऊन सांगा, हिला काही होणार नाही ना?’ तेव्हा शपथ घेऊ नका. ‘ताप येईल, त्याचे औषध देते. त्याहून वाईट काही होण्याची शक्यता फार फार थोडी आहे, गोवर झाल्यावर होते त्यापेक्षा खूपच थोडी. टोचल्यावर अर्धा तास मी तुझ्याजवळ बसते, आणि रात्री घरी येऊन बघून जाते,’ एवढे म्हणा, आणि रात्री खरोखर जा.